लाल शेवटी

पवनानगरच्या चौकात, एसटीच्या शेडला लागून, सिमेंटचा एक काळा फळा आहे. डाव्या बाजूला सुविचार, मधे ग्रामपंचायतीच्या सूचना आणि उजव्या कोपऱ्यात कोण गेलं, विधी कधी, किती वाजता. अक्षर सगळीकडे एकच, अल्लाउद्दीन मुलाणींचं. अर्ध्या मावळातल्या दुकानांच्या पाट्या, जीपांच्या मागचे 'आईची पुण्याई', शाळांच्या भिंतींवरची बाराखडी, सगळं या एका माणसाच्या हातचं. पुढे फ्लेक्स आले आणि रंगवलेल्या पाट्या गेल्या. हाताची खाज मात्र जाईना, तेव्हा पेंटरनी नऊ वर्षांपूर्वी हा फळा धरला. गाव त्यांना पेंटरच म्हणतं. आज त्रेसष्टाव्या वर्षी त्यांचं पूर्ण नाव विचाराल, तर निम्म्या गावाला आठवायचं नाही.

दर रविवारी दुपारी मधल्या सूचना पुसल्या जातात आणि तिथे टीव्हीवरच्या एका कार्टूनचं परीक्षण येतं. हसू नका. या परीक्षणावरून चौकात भांडणं झालेली आहेत.

सुरुवात झाली लॉकडाऊनमध्ये. नात जन्नत घरात कोंडलेली, तिच्याबरोबर बसून पेंटर 'आभाळपोर उल्का' बघायला लागले. उल्का म्हणजे अंगावर निळा शेला, पायात ठिणग्या, आणि कुठेही संकट आलं की डोळ्याचं पातं लवायच्या आत हजर होणारी मुलगी. त्या दिवसांत फळ्याचा उजवा कोपरा तेवढा भरत होता. तेच तेच लिहून जीव विटला, तेव्हा एका रविवारी पेंटरनी मधोमध लिहून टाकलं : 'उल्का उडते तेव्हा तिचा शेला कायम उजवीकडेच फडफडतो. वारा काय तिच्या घरचा गडी आहे? तीन तारे.' गाव बऱ्याच दिवसांनी हसलं. मग पायंडाच पडला. 'राक्षसाचे दात मागच्या रविवारी सोळा होते, आज बारा. चार कुणी पाडले ते दाखवावे. दोन तारे.' तारे पिवळ्या खडूने भरलेले, पाचपैकी. पाच त्यांनी आजवर कुणाला दिले नव्हते. चार एकदाच दिले आणि त्याचाही नंतर आठवडाभर पस्तावा केला.

खडू खाली ठेवला की फळ्याखालून हाक यायची, "वाच, अल्लाभाऊ."

ही आक्काबाई ओव्हाळ. फळ्याखाली टोपली मांडून उकडलेल्या शेंगा विकायची. तिला वाचता येत नव्हतं. मग पेंटर स्वतःचं लिहिलेलं स्वतःच मोठ्यानं वाचून दाखवायचे, सुविचारापासून कोपऱ्यापर्यंत. ती सगळं ऐकून घ्यायची आणि शेवटी विचारायची, "एवढंच?"

"एवढंच."

"बरं." आणि पुन्हा शेंगांकडे वळायची. नऊ वर्षांत हा क्रम चुकला नाही. पेंटरना वाटायचं, म्हातारीला अजून एखादा विनोद हवा असणार.

तर एका बुधवारी पेंटरना फोन आला. आक्काबाईची मुलगी तेजल. पुण्यात कार्टूनवाल्यांच्या कंपनीत गोष्टी लिहिते हे गावाला ठाऊक होतं, पण कुठल्या कार्टूनच्या ते कुणी विचारलं नव्हतं.

"पेंटरकाका, येत्या रविवारचा उल्काचा भाग मी लिहिलाय. माझा पहिलाच."

"काय सांगतेस! आपल्या उल्काचा?"

"हो. पण ओळखीची म्हणून तारे वाढवायचे नाहीत हं. खरं जे वाटेल ते लिहा. मला तेच हवंय."

पेंटर हुरळले. गुरुवारी सकाळीच त्यांनी फळ्यावर ठळक लिहिलं : 'आपल्या गावची कन्या तेजल रतन ओव्हाळ हिने लिहिलेला भाग, रविवारी दहा वाजता. सर्वांनी पाहावा. परीक्षण याच फळ्यावर.' स्वतःच्या पायावर धोंडा मारून घ्यायचा तर माणूस निदान धोंडा लहान बघतो. पेंटरनी तो सुंदर अक्षरात, छाया देऊन, गावभर दिसेल असा मारून घेतला.

रविवारी दहाला पेंटर, त्यांची बायको खुर्शीदा आणि जन्नत टीव्हीपुढे बसले. भागाचं नाव आलं, 'उशीर'.

धरणाकाठचं एक गाव. पाण्यात राहणारा काळभोवरा एका मुलाला ओढून नेतो. उल्का निघते, ठिणग्या उडतात, आणि पहिल्यांदाच ती पोचते तेव्हा सगळं संपलेलं असतं. काळभोवरा हसून म्हणतो, "मी तर पाण्यातच होतो. मी आहे हे सांगायचं काम ज्याचं होतं, त्याला जाऊन विचार." मग उल्का गावात येते. एका रंगाच्या दुकानाच्या खिडकीशी थांबते. आत एक पेंटर बारीक ब्रशनं एका फोटोखाली नाव लिहितोय. शेजारी दोन वेण्या घातलेली छोटी मुलगी बसलीय. तिला नुकतंच वाचायला येऊ लागलंय. भिंतीला टेकून एक पत्र्याची पाटी उभी आहे आणि ती मुलगी बोट फिरवत वाचते, "ये-थे पा-णी खो-ल आ-हे. उ-त-रू न-ये." त्याच्या वर चार मोठी अक्षरं आहेत, नुसत्या खडूच्या रेघांची, आतून रिकामी. मुलगी तीही वाचते. "सा-व-धा-न."

पेंटर मान वर करत नाही.

"नाना," जन्नत म्हणाली, "त्याच्या स्टुलाखाली पण वीट आहे. तुमच्या स्टुलासारखीच."

पेंटरनी हातातला कप खाली ठेवला. टीव्हीत उल्का ती पाटी उचलून पाण्याकाठी नेते, ठिणग्यांनी चार अक्षरं लाल भरते आणि रोवून निघून जाते. दुकानातला पेंटर दिसतो तो पाठमोराच. मग नावं आली. लेखन, तेजल ओव्हाळ.

"छान होता की," खुर्शीदा म्हणाली. "जरा रडका होता. तुम्ही कुठं निघालात? चहा तसाच राहिला."

पेंटर उठले होते. चप्पल डावी-उजवी उलटी घातली, काढली, पुन्हा घातली. "खडू आणतो," म्हणाले. खडूचा डबा टीव्हीवरच होता.

त्या गोष्टीला चोवीस वर्षं झाली होती. तेव्हा धरणाच्या वळणाशी, जिथे काठ एकदम तुटून पाणी खोल होतं, तिथे पर्यटक दोनदा बुडता बुडता वाचले होते. सरपंच श्रीपती आबांनी पत्रा आणून दिला आणि म्हणाले, "पेंटर, लवकर कर बाबा." पेंटरनी पांढरा हात मारला, वाळवला, काळी अक्षरं लिहिली. राहिलं होतं लाल. पाटीवर लाल नेहमी शेवटी. त्याला दोन हात लागतात, वाळायला वेळ लागतो, आणि आधी भरलं तर दुसऱ्या रंगात उतरून सगळं काम बिघडवतं. हे त्यांच्या उस्तादांनी शिकवलेलं, आणि अपुरी पाटी दुकानाबाहेर जाऊ द्यायची नाही हेही उस्तादांचंच. इतक्यात लोणावळ्याहून एका चिक्कीवाल्याचं बोलावणं आलं, मोठी पाटी, सीझन तोंडावर. चार दिवसांचं काम. आल्यावर लाल भरू, असं म्हणून पेंटर गेले.

तिसऱ्या दिवशी निरोप आला की रतन ओव्हाळांचा सुहास वळणाशी बुडाला. अकरा वर्षांचा होता.

पुण्यानुमोदनाच्या आधी रतन फोटो घेऊन दुकानात आला. बरोबर सहा वर्षांची तेजल. पेंटरनी विचारलं, "कै. लिहू?" रतन म्हणाला, "न्हाई. आमच्यात कालकथित." पेंटरनी लिहिलं, कालकथित सुहास रतन ओव्हाळ. आयुष्यात इतक्या सावकाश त्यांनी दुसरं काही लिहिलं नाही. पाटी भिंतीशी तशीच उभी होती. ती उलटी करून ठेवायचं भान त्यांना राहिलं नव्हतं. पोरीनं वाचली ते त्यांनी ऐकलं. रतन फोटोकडे बघत होता, त्याच्या कानावर गेलं नसेल, असं त्यांनी ठरवून टाकलं. सहा वर्षांची पोर काय लक्षात ठेवणार, असंही ठरवून टाकलं.

आणि खरी बोचणी पुढेच होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी लाल भरलं आणि वाळताच पाटी वळणावर नेली. खड्डा खणताना खांब धरायला कोण आलं, तर रतन. गाव म्हणालं, बघा, पेंटरनी पोरासाठी आपण होऊन पाटी लावली. श्रीपती आबांनी शाल दिली. पेंटरनी ती घेतली. मूग गिळून माणूस बसतो म्हणतात, पेंटर तर शाल पांघरून बसले.

घरातून निघाले ते खडू आणायला नाही हे उघडच होतं. चौक टाळून ते मागच्या गल्लीनं धरणाच्या रस्त्याला लागले. पायाला भिंगरी लागली होती. वळणाशी आले. त्यांची पाटी कधीच गंजून गेली होती, तिच्या जागी आता सरकारी लोखंडी पाटी होती आणि तिच्यावर कुणा तंबूवाल्या पाहुण्यांनी टॉवेल वाळत टाकला होता. बघा, पेंटर मनाशी म्हणाले, पाटी असून कोण वाचतं? आणि सुहास गावचा पोरगा, त्याला वळण ठाऊक नव्हतं का? गावच्या पोरांना कशाला पाटी लागते? हा युक्तिवाद चोवीस वर्षं घासून घासून गुळगुळीत झालेला होता. आज मात्र तो चालेना. दोन पोरं पळत आली, टॉवेल ओढला, पाटीकडे बघितलं आणि काठावरच थांबून पाय भिजवत बसली.

पेंटर तिथून सटकले. जीपस्टँडवर आले, कामशेतच्या जीपमध्ये बसले. कामशेतला काय काम, ते त्यांना ठाऊक नव्हतं. जीप भरायच्या आधीच उतरले. फोन वाजला. तेजल. वाजू दिला. मग मेसेज आला, 'काका, बघितलात का?' ते त्यांनी वाचलं, आणि वाचल्याच्या दोन निळ्या खुणा तिला दिसल्या असणार हे उमगून आणखी घाबरले. चोराच्या मनात चांदणं. पोरीनं मुद्दाम लिहिलं की सहज लिहिलं? तिला सूड हवा की तारे? जिथे बसावं तिथून उठावंसं वाटत होतं. चहा सांगितला, तो येण्याआधी निघाले. घरी डोकावले, खुर्शीदा म्हणाली, "अहो, काय विंचू चावलाय का? चौकातून तिघं जण विचारून गेले, परीक्षण कुठंय म्हणून."

एक सोपी वाट होती. 'भाग उत्तम. लेखिकेचे अभिनंदन. चार तारे.' गाव टाळ्या वाजवेल, तेजलही काही बोलणार नाही. इतकी वर्षं नाही बोलली. हे लिहायला तीन ओळी पुरतात. पेंटरनी डबा उचलला तो हेच ठरवून.

साडेतीन वाजता ते फळ्यापुढे उभे राहिले. पाच-सात माणसं जमली होती. खाली टोपली घेऊन आक्काबाई. पेंटरनी सूचना पुसल्या. लिहिलं : 'आजचा भाग : उशीर. लेखन : तेजल रतन ओव्हाळ.' मग : 'चित्रे सुंदर. शेला आज दोन्हीकडे फडफडला.' पुढे 'भाग' हा शब्द लिहिला. आता 'उत्तम' लिहायचं होतं. हात थांबला. रतनचं नाव त्यांच्याच अक्षरात त्यांच्यापुढे होतं. फोटोखाली लिहिलं होतं तसंच, त्याच वळणाचं. पेंटरनी 'भाग' पुसला आणि लिहीत सुटले, मधे न थांबता.

मागची माणसं वाचायला पुढे सरकली. शेवटी त्यांनी खडू ठेवला.

"वाच, अल्लाभाऊ," आक्काबाई म्हणाली.

पेंटर वळले. वाटलं, पळून जावं. पण इतकी वर्षं जे दर रविवारी केलं ते आज नाही म्हणायला तोंड कुठलं? त्यांनी वाचायला सुरुवात केली.

"या भागातली पाटी खरी आहे. ती माझ्या दुकानात होती. काळी अक्षरं लिहून झाली होती, वाचता येत होती. लाल राहिलं म्हणून मी ती लावली नाही आणि लोणावळ्याला गेलो. तिसऱ्या दिवशी सुहास गेला. मग मी पाटी लावली आणि शाल घेतली. भागात एक चूक आहे. त्या पेंटरला कुणीच काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं."

नेहमीसारखं 'एवढंच?' तिनं विचारलं नाही.

तिनं टोपलीवर फडकं टाकलं. मग म्हणाली, "तेजलनं मला त्याच सांजंला सांगितलं व्हतं. पाटीवर काय काय लिवलंय, कुटलं भरलंय, कुटलं न्हाई. समदं."

पेंटर शेडच्या कट्ट्यावर बसले.

"मग आक्का, तू कवा बोलली न्हाईस?"

"ह्ये म्हनले, इचारायचं न्हाई. पेंटर आपल्या तोंडानं सांगंल. सांगंल सांगंल म्हनत ह्ये बी गेले." रतनला जाऊन दहा वर्षं झाली होती. "मग तू ह्यो फळा धरलास. मी म्हनलं, चला, आता लिवंल. म्हनून हितं बसले. दर ऐतवारी वाचून घ्येत व्हते."

नऊ वर्षं. सुविचार, पाणीपुरवठ्याच्या सूचना, राक्षसाचे दात, आणि शेवटी ते 'एवढंच?' पेंटरना एकेक रविवार आठवायला लागला आणि ते नको नको झालं. डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांनी खडूच्या हातानंच पुसलं, त्यामुळे तोंड पांढरं झालं.

"आता तूच लिवलंयस न्हवं, इचाराया पायजे व्हतं म्हनून," आक्काबाई म्हणाली. "मग इचारते. काळं झालं व्हतं. वाचता येत व्हतं. का न्हाई लावलीस?"

चोवीस वर्षांची सगळी तयार उत्तरं पेंटरांच्या जवळ होती. गावच्या पोराला पाटी कशाला, पोरं ऐकतात कुठं, पाटी लावणं पंचायतीचं काम. ती सगळी त्यांनी बाजूला सारली.

"अर्धी पाटी दुकानाभाईर न्यायची लाज वाटली, आक्का," ते म्हणाले. "पेंटरचं काम अपुरं हाय, म्हनले असते लोकं. तेवढ्यासाठी. दुसरं काय न्हाई."

आक्काबाई फळ्याकडे बघू लागली. तिला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं आणि तरी ती ओळीवरून ओळीवर नजर फिरवत होती. "लाज," ती एकदाच म्हणाली. ते तिनं समजून घेतलं की त्यांच्या तोंडावर फेकलं, हे पेंटरना तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळलेलं नाही.

चारची एसटी लागली. जमलेली माणसं पांगली. आक्काबाईनं टोपली काखेला लावली आणि उठता उठता म्हणाली, "पोरीचं तारं ऱ्हायलं की."

पेंटर उठले. खडू घेतला आणि एकामागून एक पाच तारे काढले. पाचव्याचं एक टोक वाकडं आलं. मग भरण्यासाठी त्यांनी डब्यात पिवळा खडू शोधला. तो खाली तळाशी गेला होता, सापडेना.

"ऱ्हाऊ दे, अल्लाभाऊ," आक्काबाई म्हणाली. "न भरताबी कळतंय."